झोंबी आले तर तलवार घ्यावी की बंदूक? इतिहासाने दिलेले उत्तर

१/
मेलेली माणसे उठून चालू लागली, शहरे ओस पडली, वीज गेली, पोलीस दिसेनासे झाले, तर हाती काय घ्यावे? हा प्रश्न जगभरची तरुण मंडळी मोठ्या हिरिरीने चघळत असतात. एकाचा कौल जपानी कटानाला, दुसऱ्याचा छऱ्याच्या बंदुकीला, तिसऱ्याचा थेट दांडपट्ट्याला. प्रश्न काल्पनिक आहे; परंतु उत्तरे तपासून पाहण्यासाठी लागणारा पुरावा मात्र पूर्णपणे खरा आहे. झुंडी, वेढे, साथी आणि कोसळलेल्या व्यवस्था यांना माणसांनी इतिहासात पुष्कळ वेळा तोंड दिलेले आहे.

२/
त्या पुराव्याचा निष्कर्ष आरंभीच सांगितलेला बरा. शस्त्राची निवड म्हणून जी समजली जाते, ती वस्तुतः पुरवठ्याची, आडोशाची आणि सोबतीच्या माणसांची निवड असते. हे तीन आधार असतील तर साधे शस्त्रही पुरते. ते नसतील तर उत्तम शस्त्रही वाया जाते. आणखी एक गोष्ट पुढे दिसेल. ज्यांनी संकटात शस्त्राला पहिला मान दिला, त्यांच्या हातून वारंवार निरपराध जिवंत माणसेच मारली गेली आहेत.

३/
झोंबीची कल्पना मूळची हैतीची. फ्रेंच अमदानीत तेथील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. मेल्यानंतर तरी सुटका होईल ही त्यांची आशा, आणि मेल्यावरही कोणी उठवून पुन्हा कामाला जुंपील ही त्यांची भीती. पुढे १९६८ साली जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने माणसे खाणाऱ्या मृतांची झुंड पडद्यावर आणली. २०२२ च्या ‘झोंबिवली’ने ती डोंबिवलीत आणून सोडली. या प्रवासात खेळाचे नियम ठरून गेले : झोंबी दमत नाही, भीत नाही, त्याचा चावा लागला की चावलेलाही झोंबी होतो, आणि डोक्यावर घाव बसल्याखेरीज तो थांबत नाही.

४/
प्रथम पात्यांचा पक्ष. त्याचे म्हणणे असे की तलवारीला काडतूस लागत नाही, तिचा आवाज होत नाही, ती कधी रिकामी होत नाही. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. अडचण आहे ती लक्ष्याची. नियमानुसार घाव डोक्यावर बसायला हवा, आणि कवटी हा शरीराचा सर्वांत कठीण भागांपैकी एक आहे. शिवाय तलवारीच्या पल्ल्यात शत्रू आला, म्हणजे तो चावण्याच्या पल्ल्यापासून एका पावलावर आला.

५/
इंग्लंडमधील टाउटन येथे मार्च १४६१ मध्ये अत्यंत रक्तरंजित लढाई झाली. १९९६ साली तेथे एक सामूहिक दफन सापडले. त्यातील तीन डझनांहून अधिक सांगाड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा बहुतेक कवट्यांवर घाव आढळले आणि अनेक कवट्यांवर एकापेक्षा जास्त. त्यांतील काही घाव संतापाचेही असतील. तरीही एक गोष्ट उघड होते. हातात धड शस्त्र असलेली, लढाईची सवय असलेली माणसेसुद्धा एका डोक्यावर पुन्हा पुन्हा हात उगारत होती. एका फटक्यात एक झोंबी हे गणित पडद्यावर जुळते. टाउटनच्या हाडांवर ते जुळत नाही.

६/
कटानाचा महिमा तर फारच वाढवलेला आहे. युद्धभूमीवरचा सामुराई आधी धनुर्धर होता, नंतर भालाईत झाला. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक आली आणि जपानी सेनांनी ती झपाट्याने उचलली. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाचे बंदूकधारी लाकडी कुंपणाआड उभे होते. तलवार कमरेला असे, पण ती शेवटच्या क्षणासाठी. सामुराईची खूण म्हणून तिला जे तेज चढले, ते पुढच्या दीर्घ शांततेच्या काळात. तिची धार अतिशय कठीण असते. म्हणूनच हाडावर वेड्यावाकड्या कोनात बसली तर तिचा टवका उडू शकतो. असा टवका घरी दगडावर घासून भरून निघत नाही.

७/
आता मराठी मनाचा लाडका दांडपट्टा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पाते. या मुठीत मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो. त्यासाठी मोकळे मैदान हवे आणि वर्षानुवर्षांची मेहनत हवी. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत पट्टा फिरताना पाहिला की त्याचे सामर्थ्य कळते आणि मर्यादाही कळते. इमारतीच्या जिन्यात, चाळीच्या अरुंद बोळात, घाबरलेल्या चार माणसांच्या घोळक्यात नवख्याने पट्टा फिरवला तर पहिला घाव सोबत्याला बसेल.

८/
साधी तलवार घ्यावी म्हटले तरी ती एकटी येत नाही. भारतीय तलवारीचे पाते मुठीत बहुधा राळेने किंवा लाखेने पक्के केलेले असे. राळ सुटली की पाते मुठीत खुळखुळू लागते. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात तेलाचा हात फिरवला नाही तर पाते गंजते. धार लावणे, पाते उजळणे यासाठी शिकलगार नावाचा स्वतंत्र कसबी वर्ग होता. मराठ्यांच्या हातातील ‘फिरंग’ तलवारीचे पाते तर युरोपातून समुद्रमार्गे येई आणि मूठ येथे बसवली जाई. म्हणजे त्या एका हत्यारामागे एक लोहारशाळा, एक जहाज, एक व्यापारी आणि एक शिकलगार उभा असे.

९/
पात्यांमध्ये खरी निवड करायचीच असेल, तर इतिहासाचे माप भाल्याकडे आणि कोयत्याकडे झुकते. भाल्याला लोखंड थोडे लागते, दांडा रानातला चालतो, तो मोडला तर दुसरा बसवता येतो, आणि शत्रू दोन हात लांब राहतो. जगातल्या जवळपास प्रत्येक सैन्याने भाला वापरला, तो याच कारणांमुळे. कोयत्याचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याच्या हाती तो असतो, त्याने तो हजारो वेळा चालवलेला असतो आणि त्याची धार कशी राखावी हेही त्याला ठाऊक असते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादम कोयते मोजतो तेव्हा तो माणसे मोजत असतो. शस्त्रांच्या यादीने हा हिशेब ध्यानात घ्यावा.

१०/
आता बंदुकीचा पक्ष. शत्रू हाताच्या अंतरावर येण्याआधीच थांबवता येतो, हा तिचा निर्विवाद गुण. परंतु बंदुकीचा सगळा इतिहास हा तिच्या खाद्याचा इतिहास आहे. तोड्याच्या बंदुकीला सतत जळता तोडा लागे. पावसाची जोराची सर आली की ती निव्वळ लोखंडी नळी उरे. दारू करायला शोरा, गंधक आणि कोळसा हवा. शोरा खारवट माती धुऊन, आटवून काढावा लागे. गंधक बहुधा दुरून आणावे लागे. कोरडी दारू आणि ओली दारू यांत राज्य राहणे आणि जाणे एवढा फरक असे.

११/
आजच्या बंदुकीने पावसाचा प्रश्न सोडवला, पण परावलंबन वाढवले. जुन्या दारूची कृती एखादा कुशल कारागीर गावात साधू शके. आजचे काडतूस तसे नाही. त्याचे पितळी कवच नेमक्या मापाचे लागते आणि त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारे जे स्फोटक असते, ते तयार करायला रसायनांचा कारखाना लागतो. नीट ठेवलेली काडतुसे अनेक वर्षे टिकतात हे खरे. पण साठा म्हणजे उतरता रांजण. भरणारा हात नसेल तर प्रत्येक गोळीबरोबर बंदूक काठीच्या जवळ जाते.

१२/
आणि ती गोळी लागते का? न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील गोळीबारांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या शंभर गोळ्यांपैकी सरासरी १८ लक्ष्यावर बसल्या. समोरून प्रतिकार नसताना सुमारे ३०. ही प्रशिक्षित माणसे होती, आणि लक्ष्य म्हणजे शरीराचा कोणताही भाग. झोंबीच्या खेळात मात्र नवखा माणूस अंधारात, धापा टाकत, हलणाऱ्या डोक्यावर एका गोळीत एक बळी घेतो असे गृहीत धरलेले असते.

१३/
न भिणाऱ्या, वाटाघाट न करणाऱ्या, संख्येने अफाट अशा झुंडीवर मशीनगन चालवण्याचा प्रयोग इतिहासात खरोखर झालेला आहे. १९३२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे वीस हजार एमू पक्षी गव्हाच्या शेतांत उतरले. शेतकऱ्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले अनेक सैनिक होते. त्यांना मशीनगनचे सामर्थ्य ठाऊक होते. त्यांच्या मागणीवरून सरकारने मेजर मेरेडिथच्या हाताखाली दोन लुईस गन, थोडे सैनिक आणि दहा हजार गोळ्या पाठवल्या.

१४/
झाले ते हास्यास्पद होते. गोळीबार सुरू होताच एमू छोट्या टोळ्यांत विखुरत. एकदा गन ऐन वेळी अडकली. ती ट्रकवर चढवून पाठलाग केला, तर खाचखळग्यांच्या रानात नेम धरता येईना. शेवटी मेरेडिथचा दावा असा होता की ९,८६० गोळ्यांत ९८६ पक्षी मेले. तो जसाच्या तसा मान्य केला तरी एका पक्ष्यामागे दहा गोळ्या पडतात, आणि उरलेली झुंड शेतातच राहते. पुढे आवर बसला तो शेतकऱ्यांना दिलेल्या बक्षिसांनी आणि कुंपणांनी. तार, खांब आणि रोज फेरी मारणारा माणूस यांनी जे साधले, ते दोन लुईस गनना साधले नाही.

१५/
आडोशाचे मोल दाखवणारा आणखी स्पष्ट दाखला एकाच दिवसाचा आहे. २२ जानेवारी १८७९. दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवाना येथे ब्रिटिश छावणीत सुमारे १,८०० माणसे, हाती मार्टिनी-हेन्री ही त्या काळची उत्तम बंदूक, छावणीत लाखो काडतुसे. छावणीभोवती ना गाड्यांचा कोट, ना खंदक. बहुतांशी भाले आणि ढाली घेऊन आलेल्या झुलू सैन्याने ती छावणी काही तासांत बुडवली. १,३०० हून अधिक माणसे मारली गेली.

१६/
त्याच दुपारी थोड्याच अंतरावर रोर्क्स ड्रिफ्ट येथील लहानशा ठाण्यात सुमारे दीडशे माणसे होती, त्यांतली काही आजारी. बंदूक तीच. हल्ला येणार हे कळताच त्यांनी मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून छातीएवढी भिंत उभी केली, आत दुसरी आडभिंत घातली. तीन-चार हजार झुलूंचा हल्ला त्यांनी रात्रभर थोपवला. सकाळी २०,००० काडतुसांपैकी जेमतेम ९०० उरली होती. अशी दुसरी रात्र आली असती तर पोती उभी राहिली असती, पण बंदुका गप्प झाल्या असत्या.

१७/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. झुलू योद्धे ही बुद्धिहीन झुंड नव्हती. ते आपल्या भूमीवर चालून आलेल्या साम्राज्याशी शिस्तीने लढणारे सैन्य होते, आणि इसांडलवानाचा विजय त्यांच्या डावपेचांचा विजय होता. साम्राज्यवादी लेखनाने त्यांना ‘लाट’ आणि ‘झुंड’ करून टाकले. समोरच्याचे माणूसपण काढून घेतले की त्याच्यावर गोळी झाडणे सोपे जाते. ही खोड पुढे पुन्हा भेटेल.

१८/
मराठी वाचकाला पुरवठ्याचा धडा देण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पानिपत पुरेसे आहे. सदाशिवरावभाऊंकडे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता आणि कवायती पायदळ होते. शस्त्रांची उणीव नव्हती. परंतु नोव्हेंबर १७६० पासून दोन्ही छावण्या समोरासमोर ठाकल्या आणि अब्दालीने दिल्लीकडची वाट रोखली. रसद पोहोचवण्यासाठी धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बाजारबुणगे आणि कुटुंबे होती. घोडे आणि बैल चाऱ्यावाचून मरू लागले, मग माणसे.

१९/
१४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले ते लढाईची वेळ अनुकूल होती म्हणून नव्हे. छावणीत अन्न उरले नव्हते म्हणून. त्या दिवशी दुपारपर्यंत गारद्यांच्या तोफांनी आणि बंदुकांनी शत्रूची मोठी हानी केली. पण उपाशी माणूस आणि उपाशी घोडा किती वेळ लढणार? पानिपतावर कोणाची तोफ मोठी होती याची चर्चा अडीचशे वर्षे चालू आहे. दाण्याच्या गाड्या कुठे अडल्या याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

२०/
पानिपताच्या सुमारे पंचेचाळीस वर्षे आधी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले होते. त्यातील दुर्गप्रकरण म्हणजे तगून राहण्याचे शास्त्र आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे; पाणी नसून जागा आवश्यकच असेल तर खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटतात. राखीव पाण्याची वेगळी टाकी ठेवावीत. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा. ठरलेल्या दिवसांनी हवालदाराने जाऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढावेत, उन्हात वाळवावेत आणि पुन्हा बंद करून ठेवावेत.

२१/
त्याच प्रकरणात गडावर कोणती माणसे असावीत हेही सांगितले आहे. औषधी देणारे वैद्य, झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य, जखमा बांधणारे, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार. अमात्यांनी शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्य चालताना पाहिले होते आणि औरंगजेबाच्या प्रदीर्घ स्वारीत ते वाचवताना पाहिले होते. असा अनुभवी माणूस गडाचा विचार करताना पाण्यापासून सुरुवात करतो आणि चांभाराची आठवण ठेवतो. अनवाणी पाय रक्ताळले की पहारा ढिला पडतो, हे त्याला ठाऊक होते.

२२/
याच वळणाची यादी तीन शतकांनंतर अमेरिकेत निघाली. मे २०११ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, झोंबीसंकटाची पूर्वतयारी सांगणारा लेख प्रसिद्ध केला. हेतू असा की झोंबीच्या निमित्ताने लोक वादळ, भूकंप आणि साथींची तयारी करतील. यादीत होते पाणी, टिकणारे अन्न, औषधे, रेडिओ, साबण, कपडे, अंथरुणे, महत्त्वाची कागदपत्रे आणि प्रथमोपचाराचे साहित्य. पाते एकच, कामाचा चाकू. बंदुकीचा उल्लेख त्या यादीत नाही, आणि हे त्या देशात, जिथे बंदुकांची उणीव कधीच नसते.

२३/
आता आरंभी म्हटलेली दुसरी गोष्ट. रोमेरोच्या १९६८ च्या चित्रपटाचा शेवट अनेकांच्या स्मरणात राहत नाही. एका घरात अडकलेल्या माणसांपैकी बेन हा कृष्णवर्णीय नायक एकटा रात्र काढून जिवंत उरतो. सकाळी बंदुका घेतलेल्या नागरिकांचा जथा मृतांचा निकाल लावत येतो. खिडकीत हालचाल दिसते, आणि बेनला झोंबी समजून गोळी घातली जाते. ज्या चित्रपटाने हा सगळा प्रकार रूढ केला, त्यानेच सांगून ठेवले होते की रात्रभर मृतांशी झुंजून वाचलेल्याचा जीव सकाळी मदतीला आलेल्यांच्या घाईने घेतला.

२४/
पडद्यावरचे हे दृश्य २००५ मध्ये रस्त्यावर घडले. कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले आणि लूटमारीच्या, गोळीबाराच्या अफवा पाण्याहून वेगाने पसरल्या. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चौघे जखमी झाले. मेलेल्यांत १७ वर्षांचा एक मुलगा होता आणि बौद्धिक अपंगत्व असलेला ४० वर्षांचा एक माणूस. नंतर प्रकरण दडपण्याचाही प्रयत्न झाला. अखेर २०१६ मध्ये पाच जणांनी गुन्हा कबूल केला. त्या शहराला त्या आठवड्यात होड्या, पिण्याचे पाणी आणि डॉक्टर हवे होते.

२५/
आणि पुणे? १८९६ मध्ये मुंबईत उतरलेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचली. १८९७ मध्ये रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या, संशयितांना उचलून नेले, सामान जाळले. रुग्ण शोधणे आणि वेगळा ठेवणे हा उपाय रोगशास्त्राला धरून होता. तो बंदुकीच्या धाकाने आणि अपमानाने राबवला गेला. परिणाम असा की लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारला रोगी शत्रू वाटला होता, लोकांना सरकार.

२६/
त्याच साथीत दुसरीही वाट चालणारी माणसे होती. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिनने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना थाटला होता आणि त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झोंबीच्या खेळात लागण झालेला माणूस म्हणजे डोक्यावर घाव घालण्याचे लक्ष्य. सावित्रीबाईंना तो पाठीवर घ्यायचा मुलगा दिसला.

२७/
यावर कोणी म्हणेल, की खेळाला एवढे गांभीर्य कशाला? मेलेली माणसे उठत नाहीत, हे खेळणाऱ्यांनाही ठाऊक असते. आक्षेप रास्त आहे, आणि खेळ बंद करण्याचे कारण नाही. पण माणूस संकटाची तालीम कल्पनेतच करत असतो. वर्षानुवर्षे ज्याने मनात एकच तालीम केली, की दार वाजले तर आधी शस्त्र उचलायचे, त्याचा हात खऱ्या पुरात, खऱ्या साथीत, खऱ्या अफवेत तिकडेच जाईल. दार वाजवणारा बहुधा शेजारी असेल, आणि त्याला पाणी हवे असेल.

२८/
तेव्हा ‘तलवार की बंदूक’ या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर असे. पाते हवेच तर कोयता घ्यावा, तोही वापरण्याची सवय असेल तर. अंतर राखायचे तर लांब दांड्याचा भाला. बंदूक असेल तर ती किती दिवसांची सोबतीण आहे, हे काडतुसे मोजून आधीच समजून घ्यावे. पण या तिन्हींच्या आधी यादीत पाणी लिहावे, मग धान्य, मग भिंत, मग वैद्य, लोहार आणि चांभार. आणि शस्त्र कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवताना जो गोळी झाडण्याआधी हाक मारून विचारतो, “कोण आहे?”, त्यालाच ते द्यावे.

(समाप्त)